मे महिन्याचे पैसे ऑगस्टमध्ये येतात

महाराष्ट्रातल्या कंपन्यांच्या सीएसआर समित्यांच्या सदस्यांना,



शहरातल्या एका वस्तीत संध्याकाळचे अभ्यासवर्ग आणि सुट्टीतले वर्ग चालवणाऱ्या एका छोट्या संस्थेचे हिशेब मी बघते. मुलांना शिकवतात आमच्या ताया. माझ्या वाट्याला येतात पावत्या, मस्टर, बँकेची स्टेटमेंटं आणि तुमच्या कार्यालयांतून येणारे ईमेल. त्यामुळे या पत्रात तळमळ कमी आणि तारखा जास्त असतील, त्याबद्दल राग नसावा. तळमळीची पत्रं तुमच्याकडे ढिगाने येत असणार.

आधी तुमच्या बाजूचं. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतली कुठलीही एक मर्यादा गाठली की आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे. २०२२-२३ साली देशभरात या वाटेने २९ हजार कोटींहून अधिक रुपये खर्च झाले, त्यातले दहा हजार कोटींच्या आसपास शिक्षणावर. राज्यवार यादीत महाराष्ट्राचा वाटा सगळ्यात मोठा. तेव्हा पैसाच नाही हे रडगाणं मला गाता येणार नाही. माझं म्हणणं इतकंच, की सहा ते दहा वर्षांच्या मुलांचा शाळेबाहेरचा वेळ कुणी सांभाळायचा असेल, तर हा पैसा ज्या महिन्यात येतो तो महिना आणि ज्या गोष्टींवर येतो त्या गोष्टी, दोन्ही बदलायला हव्यात. ते बदलायला कायदा आड येत नाही. आड येते ती सवय.

शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिलं आहे. लहान मूल दिवसाचे तेरा-चौदा तास जागं असतं. वर्षाचे झाले पाच हजारांच्या आसपास. त्यातले आठशे, फार तर हजार शाळेचे. उरलेले चार हजार कुणाचे? तुमच्या-माझ्या घरात आजी असते, गोष्टीची पुस्तकं असतात, पोहण्याचा क्लास असतो, सुट्टीत मामाचं गाव असतं. वस्तीत आई सकाळी सातला धुण्याभांड्याच्या कामांना निघते आणि बाप बिगारीवर किंवा रिक्षावर असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. मुलांच्या झोपेचा विचार करून काढला, चांगला काढला. पण सातला घर सोडणाऱ्या आईसाठी शेजारणीच्या भरवशावर काढायचे दोन तास वाढले, हेही खरंच. अंगणवाडी सहा वर्षांपर्यंत, सरकारी योजनेतलं पाळणाघरही सहा वर्षांपर्यंत. सातवं लागलं की मूल मोठं झालं, असं सगळ्या योजनांनी धरून चाललं आहे. घरात त्याच्याहून धाकटं कुणी असेल तर ते खरोखर मोठं होतंही, कारण धाकटं त्याच्या कडेवर येतं.

आमचा एक वर्ग समाजमंदिरात भरतो. साडेपाचला ताई कुलूप काढते, सतरंज्या अंथरते आणि वर्ग सुरू न करता वस्तीत निघते. गल्लीगल्लीत हाका मारून मुलं गोळा करण्यात अर्धा-पाऊण तास जातो. कुणी नळावर हंडा लावून बसलेलं असतं, कुणी शेजारच्या घरी दारात उभं राहून टीव्ही बघत असतं. दुसरीतली एक मुलगी रोज दोन वर्षांच्या भावाला घेऊन येते. तो पाटीवर खडू घासतो, मधूनच खडू तोंडात घालतो, आणि ती बोट ठेवून ‘मगर’, ‘नगर’, ‘गवत’ वाचते. भाऊ रडला की वाचन थांबतं, चुरमुऱ्यांची वाटी त्याच्यापुढे सरकते, बोट मात्र त्याच शब्दावर राहतं. वर्ग साडेसातला सुटतो, पण ताई आठपर्यंत थांबते, कारण दोघातिघांच्या आया तेव्हाच परततात. या भावाचं नाव आमच्या हजेरीपटावर नाही. मंजूर प्रस्तावात ‘लाभार्थी वयोगट ६ ते १०’ असं आहे. त्याच्या चुरमुऱ्यांचा हिशेब मी मोठ्या मुलांच्या खाऊत बसवते. त्याला येऊ नको म्हटलं तर बहीणही यायची बंद होईल, ही गोष्ट तुमच्या एक्सेलच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहायची ते मला कुणी सांगितलेलं नाही.

अशा वर्गांनी काही फरक पडतो का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हाच आकडा १६.३ होता, म्हणजे शाळांनी मेहनत घेतली आहे. तरीही चारांतली तीन मुलं मागेच आहेत. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला नीट वाचता यावं आणि साधी गणितं करता यावीत हे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत गाठायचं, असं ठरवून ५ जुलै २०२१ ला निपुण भारत अभियान सुरू झालं. ते ओझं एकट्या शाळेच्या आठशे तासांवर टाकून कसं चालेल?

मुंबईचा अनुभव तर आपल्या दारातला आहे. ‘प्रथम’ या संस्थेने महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. वस्तीतल्याच शिकलेल्या मुली, तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना शाळेच्याच वेळात रोज दोन तास वेगळं बसवून शिकवायच्या. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्यात या कामाचा शिस्तशीर अभ्यास झाला. तो करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मुलांची प्रगती ठळक होती. हा भाग तुमच्याकडच्या सादरीकरणांत हमखास असतो. त्याच अभ्यासातला दुसरा भाग सहसा नसतो: कार्यक्रम थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा मोजलं, तेव्हा कमाईचा बराचसा भाग ओसरलेला होता. एका वर्षाचं अनुदान देऊन पुढच्या वर्षी दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या ‘थीम’वर जाणाऱ्या प्रत्येक समितीने हे वाक्य आपल्या बैठकीच्या खोलीत लावून ठेवावं.

दुसरा अनुभव उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यातला. तिथे गावातल्याच तरुणांनी चार दिवसांचं प्रशिक्षण घेऊन, बिनपगारी, शाळेबाहेर वाचनवर्ग चालवले. जी मुलं वर्गाला आली ती भराभर शिकली. पण आली किती? दहांत एखादं. आमच्या ताईचा तो अर्धा-पाऊण तास कशासाठी असतो, त्याचं उत्तर या आकड्यात आहे. वर्ग उघडला म्हणजे मुलं येतात असं होत नाही. रोज कुणीतरी बोलवायला जावं लागतं, आणि ते माणूस वस्तीला रोज दिसणारं, आयांच्या ओळखीचं असावं लागतं. सुट्टीतल्या वर्गाचाही दाखला आहे. बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळ्यात सरकारी शिक्षकांनीच महिनाभराची वाचनशिबिरं घेतली, आणि तेवढ्या महिन्यातही मुलांच्या वाचनात फरक दिसला. म्हणजे मे-जूनचा महिना वाया जायलाच हवा असा काही नियम नाही.

आता तारखांकडे येते.

उन्हाळी सुट्टी मेच्या सुरुवातीला लागते. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, विदर्भात आणखी आठवडाभर उशिरा. तुमचं आर्थिक वर्ष सुरू होतं १ एप्रिलला. त्यानंतर लेखापरीक्षण, मेमध्ये वार्षिक निकाल, मग संचालक मंडळापुढे सीएसआरचा वार्षिक कृती आराखडा, मग प्रस्ताव मागवणं, वस्तीला भेट, कागदपत्रं (१२ए, ८०जी, सीएसआर-१ चा नोंदणी क्रमांक, तीन वर्षांचे ताळेबंद, विश्वस्तांची आधार-पॅन), मग करारनाम्याचा मसुदा, त्यावर विधी विभागाच्या दुरुस्त्या, आणि पहिला हप्ता ऑगस्टमध्ये. वस्तीत गणपतीच्या मांडवाचे बांबू पडलेले असतात आणि आमच्या खात्यात ‘उन्हाळी शिबिर’ या शीर्षाखाली रक्कम जमा होते. आम्ही ती परत करत नाही. ‘उन्हाळी’ खोडून ‘दिवाळी’ लिहायची परवानगी मागतो, ती ऑक्टोबरच्या शेवटी मिळते.

दुसरं टोक मार्चचं. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात एका कंपनीतून फोन आला: पाच लाख शिल्लक आहेत, एकतीस तारखेच्या आत काही करता येईल का? आठ-दहा दिवसांत वर्ग उभा राहत नाही. आठ-दहा दिवसांत दप्तरं वाटता येतात. तुमच्या वार्षिक अहवालात दप्तरं आणि पाण्याच्या बाटल्या इतक्या का दिसतात, त्याचं कारण मुलांची गरज नाही, मार्च महिना आहे.

हे टाळायची सोय कायद्यानेच करून ठेवली आहे, आणि ती माझ्यापेक्षा तुमच्या कंपनी सचिवांना चांगली ठाऊक आहे. जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीने ‘चालू प्रकल्प’ म्हणजे काय ते ठरवलं: ज्या वर्षी सुरू झाला ते वर्ष सोडून आणखी तीन आर्थिक वर्षांपर्यंत चालणारा प्रकल्प. अशा प्रकल्पाची न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत, म्हणजे ३० एप्रिलपर्यंत, वेगळ्या बँक खात्यात टाकायची आणि पुढची तीन वर्षं त्याच कामासाठी वापरायची. प्रकल्प चालू प्रकारातला नसेल तर उरलेले पैसे सहा महिन्यांत सरकारी निधीत भरावे लागतात. म्हणून मार्चची घाई. पण एखादा अभ्यासवर्ग तुम्ही पहिल्याच दिवशी चालू प्रकल्प म्हणून मंजूर केलात, तर मेचे पैसे मेमध्ये खर्च करायला तुम्हाला कुणीही अडवत नाही. ३० एप्रिलला पैसे त्या खात्यात, मेच्या पहिल्या आठवड्यात मुलं सतरंजीवर. कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात आमच्या वस्तीतली मुलं नसणार, तरी तारीख नेमकी जुळली आहे. कृती आराखडा वर्षाच्या मध्येच बदलायची मुभाही मंडळाला आहे, कारण नोंदवलं की झालं.

सुट्टी सगळ्या मुलांची एकसारखी नसते, हेही ध्यानात घ्यावं. वस्तीतली निम्मीशिम्मी मुलं मेमध्ये गावी जातात. जी उरतात त्यांच्या आयांना कामावरून सुट्टी मिळत नाही, किंवा गावी जावं असं घर उरलेलं नाही. ती मुलं पत्र्याच्या खोलीत दुपार काढतात. आमचा वर्ग मेमध्ये सकाळी आठला भरतो तो त्या पत्र्यामुळेच. दहानंतर खोलीत बसवत नाही. आणि बीडसारख्या जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांच्या मुलांचं वर्ष तर पूर्ण उलटं असतं. दसरा-दिवाळीनंतर कोयते निघतात, मार्च-एप्रिलमध्ये परततात. हंगामी वसतिगृहं आहेत, साखरशाळांचे प्रयोग झाले, शिक्षण हमी कार्डही निघालं. तरी कितीतरी मुलं थळावर, उसाच्या फडात, वाढं गोळा करत हिवाळा घालवतात. गावी परतल्यावर त्यांना शाळेत बसायला सवड मिळते ती नेमकी शाळा बंद व्हायच्या सुमाराला. त्या मुलांसाठी मे-जून हा छंदवर्गाचा काळ नाही, तेच त्यांचं पहिलं सत्र आहे. मराठवाड्यात तुमचे कारखाने असतील, तर उन्हाळी वर्गासाठी याहून योग्य जागा मला तरी माहीत नाही. सरकारने पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी ‘पहिले पाऊल’ हे अभियान २०२२ पासून सुरू केलं, त्यात एप्रिल आणि जूनच्या मेळाव्यांच्या मधल्या काळात गावोगावचे मातागट मुलांबरोबर घरी खेळ आणि कृती घेतात. चांगली कल्पना आहे. पण आई पहाटेपासून कामावर असेल, तर मातागटात बसणार कोण?

पैसा कशावर येतो, याबद्दल आता. पंचवीस मुलांचा, बारा महिने चालणारा, संध्याकाळी दोन तासांचा एक वर्ग धरा. दोन ताया, प्रत्येकी महिना ९,००० रुपये मानधन: वर्षाचे २,१६,००० रुपये. खाऊ, मुलामागे रोजचे दहा रुपये, अडीचशे दिवस: ६२,५००. पुस्तकं, पाट्या, कागद, रंग: २०,०००. जागा आणि वीज: ३०,०००. तायांचं प्रशिक्षण आणि देखरेखीचा वाटा: ४०,०००. बेरीज ३,६८,५००. एका मुलामागे महिन्याला सव्वाबाराशे रुपये. हा अंदाजपत्रकाचा कागद मी पाठवते तेव्हा उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं: ‘मानधनाचा भाग साठ टक्क्यांच्या आसपास जातो आहे. तो कमी करता येईल का? प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे.’

मर्यादा आहे. पण ती तुमच्या खर्चाला आहे. सीएसआर विभाग चालवण्यासाठी कंपनी स्वतः जो सर्वसाधारण खर्च करते, तो एकूण सीएसआर खर्चाच्या पाच टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असा तो नियम. मुलांना शिकवणाऱ्या ताईचं मानधन हा प्रशासकीय खर्चच नाही. तोच तर प्रकल्प. इस्पितळाला मदत करताना डॉक्टरांचा पगार ‘ओव्हरहेड’ आहे असं कुणी म्हणत नाही. मग नऊ हजारांवर काम करणारी, बारावी झालेली, स्वतःच्या दोन मुलांना घेऊन वर्गाला येणारी बाई ओव्हरहेड कशी? बालसखींना तेव्हा महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये मिळत. वीस-बावीस वर्षांनीही आपण त्याच मनोवृत्तीत आहोत, की शिकवणाऱ्या बाईने थोडं समाधानावर भागवावं.

टॅब हवेत का, असं हल्ली प्रत्येक जण विचारतो. एका वर्गाला मिळालेले टॅब कपाटात आहेत. चार्जर दोनच उरले आहेत आणि कपाटाची किल्ली ताईकडे असते, कारण त्यांच्या सुरक्षिततेची हमी तिने लिहून दिली आहे. टॅबला माझा विरोध नाही. ताईचं मानधन कापून टॅब नको, एवढंच.

खाऊलाही कात्री लागते. तो चैनीत धरला जातो. शाळेच्या दिवसांत प्रधानमंत्री पोषणशक्ती निर्माण योजनेतली खिचडी मिळते. सुट्टीत ती बंद. दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही मध्यान्ह भोजन द्यावं, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला होता, यावरून सुट्टी आणि भूक यांचं नातं देशातल्या सर्वोच्च न्यायपीठालाही मान्य आहे हे दिसतं. दहा रुपयांत एक केळं किंवा चिक्की आणि मूठभर चुरमुरे बसतात. तेवढा रकाना असू द्या.

मोजमापाबद्दलही बोलायला हवं. मोठ्या प्रकल्पांना परिणामांचं मूल्यमापन सक्तीचं आहे: सरासरी दहा कोटी किंवा त्याहून जास्त सीएसआर असलेल्या कंपन्यांनी एक कोटी किंवा त्यावरच्या प्रकल्पांचं. लहानांना नाही. तरी साडेतीन-पावणेचार लाखांच्या वर्गासाठी जो अहवाल मागितला जातो, तो भरण्यात ताईच्या महिन्यातल्या दोन-तीन संध्याकाळी जातात. आम्ही दर तीन महिन्यांनी प्रत्येक मुलाला एक उतारा वाचायला देतो, कोण अक्षरापाशी आहे, कोण शब्दापाशी, कोण गोष्टीपाशी, ते लिहून ठेवतो. एवढं पुरतं. मोजायचंच असेल तर हेही मोजा: किती ताया वर्षभर टिकल्या, वर्ग किती दिवस बंद राहिला आणि का. वर्गाची तब्येत त्यातून कळते. आणि कृपा करून ‘किती मुलांपर्यंत पोहोचलात’ हा प्रश्न पहिला विचारू नका. एका दिवसाच्या विज्ञान-जत्रेत हजार मुलांपर्यंत पोहोचता येतं.

हे वर्ग म्हणजे फुकटची शिकवणी, असाही एक गैरसमज आहे, आणि तो आमच्यातही आहे. आया म्हणतात, गृहपाठ करून घ्या. तो होतो. पण सहा-सात वर्षांच्या मुलाला सहा तास शाळेत बसवून पुन्हा दोन तास उजळणी घालणं हा छळ आहे. पुण्यात सारसबागेपाशी गरवारे बालभवन आहे, शोभा भागवत यांनी वर्षानुवर्षं वाढवलेलं. शाळेबाहेरच्या वेळात मुलांनी काय करावं याचं उत्तर तिथे मिळतं: खेळ, माती, नाटक, गाणी, भांडणं आणि ती मिटवणं. सुखवस्तू घरांना हे कळून बराच काळ झाला, म्हणून तर मे महिन्यात शहरभर छंदवर्गांचे फलक लागतात. वस्तीतल्या मुलाला मात्र फक्त ‘रिमेडियल’ मिळावं, ही वाटणी मला मान्य नाही. बांधकामाच्या जागी मुलांसाठी वर्ग चालवणाऱ्या, बसगाडीत शाळा भरवणाऱ्या डोअर स्टेप स्कूलसारख्या संस्था १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबई-पुण्यात आहेत. पुस्तकं आणि खेळ दोन्ही घेऊन त्या मुलांपर्यंत जातात. त्याही आधी, १९४५ मध्ये, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर. गुरं राखायला जाणारी वारली मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली. कुरणशाळा म्हणत तिला. आज एखाद्या समितीपुढे कुरणशाळेचा प्रस्ताव आला, तर पहिला प्रश्न जागेच्या भाडेकराराचा असेल.

जागेचा प्रश्न खरा आहे, आणि त्यात तुम्ही पैसे न देताही मदत करू शकता. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांच्या इमारती संध्याकाळी आणि मेमध्ये कुलूपबंद असतात. खोल्या, फळे, पाणी, स्वच्छतागृह सगळं तयार. परवानगीसाठी आम्ही अर्ज करतो. मुख्याध्यापक केंद्रप्रमुखांकडे बोट दाखवतात, केंद्रप्रमुख शिक्षणाधिकाऱ्यांकडे, आणि तोवर जून उजाडतो. त्यांचंही खोटं नाही: काही मोडलं, कुणी पडलं, तर जबाबदारी कुणाची? तुमच्या लेटरहेडवरचं एक पत्र आणि मुलांच्या विम्याचा एक हप्ता या दोन गोष्टींनी जी किल्ली मिळते, ती आमच्या दहा अर्जांनी मिळत नाही.

आणखी एक. २०२१ नंतरच्या नियमांनी सीएसआरचे पैसे घेणाऱ्या संस्थेला करसवलतीच्या नोंदण्या आणि तीन वर्षांचा अनुभव लागतो. नियम बोगस संस्था रोखायला केला, तो हवाच होता. पण वस्तीतलं महिला मंडळ, वाचनालय, निवृत्त मास्तरांनी ओट्यावर चालवलेला वर्ग, यांच्याकडे यातलं काही नसतं. त्यांना मोठ्या, नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली घेता येतं. हिशेब मोठीने ठेवायचा, वर्ग छोटीने चालवायचा. असे प्रस्ताव स्वीकारा. ‘मध्यस्थ कशाला’ म्हणून ते पहिल्या चाळणीतच बाद होतात.

हे सरकारचं काम आहे, असं तुमच्यातले काही जण म्हणतील. आहेच. सहा ते दहा वर्षांच्या मुलांच्या शाळेबाहेरच्या वेळाची सरकारी योजना व्हावी, यासाठी आम्ही बोलतोच आहोत, आणि ती झाली तर हा सगळा पत्रव्यवहार आनंदाने बंद करू. पण आत्ता दुसरीत असलेली मुलगी योजना येईपर्यंत दुसरीत थांबणार नाही.

म्हणून विनंती एवढीच. येत्या जानेवारीच्या बैठकीत तुमच्या समितीने एक ठराव घ्यावा: सहा ते दहा वर्षांच्या मुलांचे संध्याकाळचे आणि सुट्टीतले वर्ग ‘चालू प्रकल्प’ म्हणून, निदान तीन वर्षांसाठी, त्यात तायांच्या मानधनाला कात्री नाही, आणि पहिला हप्ता १५ एप्रिलच्या आत. प्रस्ताव डिसेंबरमध्ये मागवलेत, तर आम्ही तो आठ दिवसांत देऊ. कागदपत्रं तयार आहेत.

आपली नम्र,
एका वस्तीतल्या वर्गांचे हिशेब बघणारी